उसनी फिरकी

टेबल टेनिसच्या बॅटचे लाकूड एकदा घेतले की वर्षानुवर्षे टिकते, परंतु त्यावर चिकटवलेले रबर मात्र खेळाडूच्या पराभवांच्या वेगाने बदलत राहते. ज्याला नुसते ‘रबर’ म्हटले जाते त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्याचे दाणे आत स्पंजकडे वळलेले असतात आणि ते चेंडूला पकडून फिरकी देते. हेच दाणे बाहेर आले की त्याला ‘पिंपल’ म्हणतात. खेळाशी अपरिचित घरांत या शब्दाने तारुण्यपीटिकांविषयी चिंता पसरते, तो भाग निराळा. आखूड पिंपल झटपट फटक्यासाठी, लांब पिंपल प्रतिस्पर्ध्याच्या गोंधळासाठी आणि निसरड्या पृष्ठभागाचे ‘अँटी’ रबर समोरून येणाऱ्या फिरकीशी असहकार पुकारण्यासाठी, अशी विशेष रबरांची ढोबळ विभागणी करता येते.

लांब पिंपल स्वतःच्या पदरचे काही देत नाही, आणि त्याचे सारे शास्त्र या एका स्वभावात आले. चेंडू आदळताच त्याचे लवचीक दाणे वाकतात, पकड बसत नाही आणि चेंडूवरची मूळ फिरकी बरीचशी तशीच राहते. परंतु चेंडूचा प्रवास आता उलट दिशेने होत असल्यामुळे समोरच्याने दिलेला टॉपस्पिन, म्हणजे पुढे लोळवणारी फिरकी, त्याच्याकडे बॅकस्पिन होऊन परतते आणि त्याचा पुढचा फटका जाळीत जातो. शेजारी दिलेली वाटी परत यावी, पण पालथी यावी, तसा हा प्रकार असून प्रतिस्पर्ध्याची फिरकी येथे त्याच्याच फिरकीने घेतली जाते. मात्र व्यवहारच उसनवारीचा असल्याने समोरच्या चतुर माणसाने फिरकीविना संथ चेंडू टाकला, तर पिंपलवाल्याकडे परत करण्यासारखे काहीच उरत नाही.

या गोंधळाच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण मुंबईत घडले. 1952 साली तेथे झालेल्या जागतिक स्पर्धेत जपानच्या हिरोजी सातो यांनी स्पंजची बॅट आणली. चेंडूचा ‘टक’ आवाज ऐकून फटक्याचा अंदाज बांधणाऱ्या नामांकितांना त्या बॅटीतून जवळजवळ काहीच ऐकू येईना आणि एकेरीचे विजेतेपद सातोंकडे गेले. पुढे दोन्ही बाजूंना एकाच रंगाची पण भिन्न स्वभावाची रबरे लावून हातातल्या हातात बॅट फिरवण्याची युक्ती निघाली. प्रतिस्पर्धी पुन्हा कान देऊ लागले, तेव्हा सर्व्हिस करताना पाय आपटून तो आवाजही बुडवला जाऊ लागला. अखेर 1986 पासून एक बाजू लाल व दुसरी काळी असावी असे ठरले, आणि 2021 पासून लालच्या जागी गुलाबी, जांभळा, हिरवा व निळा यांनाही परवानगी मिळाली.

रबर निवडताना दाण्यांची लांबी, त्यांचा ताठपणा आणि खालच्या स्पंजची जाडी पाहावी लागते. स्पंज नसेल तर पिंपलची गोंदासह जाडी 2 मिलिमीटर आणि स्पंज असेल तर 4 मिलिमीटर, ही नियमाची मर्यादा आहे. हे सर्व अभ्यासून आणलेले रबर घरी पांढऱ्या गोंदाने चिकटवताना, बुडबुडे राहू नयेत म्हणून, त्यावरून स्वयंपाकघरातील लाटणे फिरवले जाते आणि त्या संध्याकाळी पोळ्यांवरून उद्भवणाऱ्या प्रश्नाला कोणत्याही नियमपुस्तकात उत्तर नसते. सामन्यापूर्वी बॅट प्रतिस्पर्ध्याला दाखवणे बंधनकारक असल्यामुळे तो ती हाती घेतो, पैठणीचा पोत पाहावा तसा दाण्यांवरून अंगठा फिरवतो आणि सुस्कारा टाकून परत करतो. नव्या रबराचा सर्वांत सुखाचा क्षण बहुधा हाच ठरतो. कारण त्यानंतर खेळ सुरू होतो आणि रबराचा पहिला बळी त्याचा मालकच असतो: गुळगुळीत रबराची सवय असलेला हात बॅटचा कोन चुकवतो आणि चेंडू कोठे जाईल, याचे कुतूहल दोन्ही बाजूंना सारखेच वाटू लागते.

2024 साली बुसान येथील जागतिक सांघिक स्पर्धेत ऐहिका मुखर्जी हिने एका बाजूस अँटी रबर असलेल्या बॅटने जागतिक क्रमवारीत अव्वल असलेल्या सुन यिंग्शा हिला हरवले, तेव्हा अनेकांच्या मनात त्या रबराविषयी श्रद्धा जागी झाली असणार. परंतु तेच रबर आणून लावल्यावर क्लबातील जुन्या प्रतिस्पर्ध्याकडून जुन्याच फरकाने हरण्याची सोय तेवढी होते. रबर समोरच्याची फिरकी उसनी घेऊन परत करते. सरावाचे तास मात्र कोणाकडूनही उसने मिळत नाहीत.