तलवारीला तिघे, ट्रंकेला कोणी नाही

"काकू, काल रात्री सरदारांच्या वाड्यात केवढे आवाज चढले होते हो!"

"चढणारच. वाटणी चाललीय. थोरल्याला तलवार हवी, मधल्याला चांदीची अत्तरदाणी, धाकटा म्हणतो पणजोबांचा फेट्यातला फोटो माझाच. माळ्यावरच्या कागदांच्या ट्रंकेचं मात्र कुणी नाव घेईना. रद्दीवाल्याला निरोपसुद्धा गेला होता!"

"अगंबाई! आहे काय त्यात?"

"लाल बासनं, मोडीतली पत्रं, हिशेबाच्या वह्या. मी एक वही उघडली, तर कुठल्याशा लग्नाचा खर्च. तूप किती, गूळ किती, वाजंत्र्यांना काय दिलं, सगळं. कडेला कसरीनं जाळी केलेली. त्यात मुंबईच्या नातवाचा उत्साह! एक पत्र लॅमिनेट करून आणलं. आता प्लास्टिक काढायला जावं तर कागदच सोलून यायचा."

"फोटो तरी धड आहेत ना?"

"कसले धड! चिकट पानांच्या अल्बमात डकवलेत. सूनबाईंनी दिवाळीला एक ओल्या फडक्यानं पुसला, तर कडेला बसलेल्या बाईंचं नाकच गेलं. त्या बाई कोण, हे आता एकट्या आजींना ठाऊक. मी म्हटलं, आधी मागं मऊ पेन्सिलीनं नावं लिहून घ्या, मग खुशाल भांडा."

"काकू, इतिहासकार वि. का. राजवाड्यांना म्हणे आपल्या वाईतच कागद सापडले होते?"

"हो तर! त्यातूनच १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड निघाला. १७५० ते पानिपतापर्यंतची पत्रं. असे २२ खंड काढले त्यांनी. पुढं १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. म्हणून तर यांना सांगत होते, तलवार ठेवा दिवाणखान्यात, कागद जाणत्यांच्या हाती द्या."

"मग देताहेत का?"

"छे! आता ट्रंकेला तीन कुलपं लागलीत. तिघा भावांची तीन. आत वेखंडाच्या पुरचुंड्यासुद्धा ठेवल्यात."

"एकाएकी एवढी माया?"

"कुणीतरी कानावर घातलं ना, की आत एखादी इनामाची सनद निघायची म्हणून!"

"म्हणजे जमिनीसाठी होय!"

"हसतेस काय? पुण्याचं पेशवे दफ्तर इंग्रजांनी काय इतिहासाच्या प्रेमानं सांभाळलं? इनाम खरं कुणाचं, खोटं कुणाचं, हे तपासायला ते कागद लागत. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा तर घराघरातून सनदा बाहेर निघाल्या. जमिनीचा वास आला की माणूस चिठोरंसुद्धा फेकत नाही बघ."

"ते खरं. पण काकू, सनदेचं त्यांच्या कानावर घातलं तरी कुणी?"

"अगं, तुझं दूध उतू जातंय वाटतं. जा, बघ आधी!"