इनामगावचा पाटील सल्लागार नेमा

गावाचा भविष्यवेधी आराखडा करायचा म्हटला की हल्ली आधी सल्लागार शोधावा लागतो. सल्लागार पुण्याहून येतो, गाडीतून उतरताना गावाचे नाव विचारतो आणि जाताना त्या नावाखाली भलत्याच गावाचा आराखडा ठेवून जातो. शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याने या खर्चात पडू नये. याच तालुक्यात, घोड नदीच्या काठी, तीन हजार वर्षांचा अनुभव असलेला माणूस पडून आहे. मानधन मागणार नाही. टक्केवारीचे तर नावच नको.

हा माणूस म्हणजे इनामगावचा पाटील. त्याचे खरे नाव कोणालाच ठाऊक नाही, तेव्हा फ्लेक्सचा खर्चही वाचला. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावात उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांच्यासारखे पुरातत्त्वज्ञ तिथे खपले. त्यांना पाच खोल्यांचे एक घर सापडले, घराशेजारी धान्याचे कोठार सापडले, आणि नदीचे पाणी वळवायला खणलेला पाट व त्याच्या कडेचा बांधही सापडला. वस्तीच्या प्रमुखाने धान्याच्या रूपात कर गोळा करायचा, तो कोठारात साठवायचा, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे वसुली गावची, कोठार गावचे आणि पाटही गावचा. या कामाला तांत्रिक मंजुरी कोणी दिली याचा कागद मात्र उत्खननात मिळालेला नाही. लेखापरीक्षणात हा आक्षेप आजही निघू शकेल.

कोठार प्रमुखाच्या घराला लागून होते, एवढी एक परंपरा आपण निष्ठेने जपली आहे. बाकीचे मात्र बदलले. आता कोठार दिल्लीत आहे आणि गावाला त्यातून निधी येतो तो लेबल लावून. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) १०० रुपयांतले ६० रुपये बंधित होते: पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचे. उरलेले ४० अबंधित, पण त्यातून पगार द्यायचा नव्हता. ग्रामपंचायतीच्या पदरी ८० टक्के, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला दहा-दहा. त्यांतल्या पुण्याच्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकच तिथे लोकशाहीची देखभाल करत राहिले. वाटपाला लोकसंख्या धरायची ती २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर जन्मलेली पोरे आता दहावीच्या उंबरठ्यावर आली, पण त्या वित्त आयोगाच्या दृष्टीने त्यांनी नळाला तोंडच लावलेले नव्हते.

मग गावाने स्वतःचे चार पैसे का उभे करू नयेत? करावेत की! घरपट्टी आहे, पाणीपट्टी आहे. नमुना नंबर ८ मध्ये प्रत्येक घर आहे आणि नमुना नंबर ९ मध्ये प्रत्येकाची थकबाकी आहे. अडचण एवढीच की ज्याच्या दारात वसुलीला जायचे त्याच्याच दारात मत मागायला जायचे असते. ग्रामसेवकाचे पद २०२४ मध्ये 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले, तरी दारातला संवाद बदलला नाही. "भाऊसाहेब, ऊस गेला की भरतो." २०२५ मध्ये सरकारने समृद्ध पंचायतराज अभियान काढून जुनी थकबाकी निम्म्यावर मिटवण्याची मुभा दिली. ज्यांनी दरवर्षी मार्चच्या आत पट्टी भरली, त्यांना आपण काय चूक केली हे त्या दिवशी कळले.

"ऊस गेला की भरतो" या वाक्यावर न्हावऱ्याची सगळी अर्थव्यवस्था उभी होती. गावात रावसाहेबदादा पवार घोडगंगा सहकारी साखर कारखाना आहे. धुराडे आहे, धूर नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत हा बंद कारखाना दोन्ही बाजूंच्या सभांतून पूर्ण क्षमतेने चालला. एका बाजूने कारभारावर बोट ठेवले, दुसऱ्या बाजूने राजकारणापायी कर्ज अडवल्याचे सांगितले. तेव्हाचे आमदार अशोक पवार हरले, ज्ञानेश्वर कटके निवडून आले. मतांचे गाळप विक्रमी झाले, साखरेचा उतारा शून्य.

यात एक गंमत तालुक्याबाहेरच्यांना कळत नाही. कारखाना बंद पडला म्हणून ऊस अडत नाही. तो रावडेवाडीच्या कारखान्याला जातो, जातेगावला जातो, भीमा ओलांडून दौंडच्या आलेगावला जातो. शेतकरी कुरकुरतो, भावावरून भांडतो, पण ट्रॉली भरतो. अडतो तो कामगार, ज्याचा पगार ट्रॉलीत घालून आलेगावला नेता येत नाही. पंक्चरवाला, चहावाला, किराण्याचा उधारीचा धंदा करणारा आणि ऊसतोड टोळ्यांच्या हंगामावर चार महिने कमावून आठ महिने खाणारा, हे सगळे अडतात. यांच्यासाठी कोणत्या आराखड्यात रकाना आहे ते दाखवा. 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्याच्या नऊ संकल्पनांत गरिबीमुक्त आणि उपजीविकापूरक गाव ही पहिलीच संकल्पना आहे. पहिली असल्यामुळे तिच्यावरून पान लवकर उलटते. नंतर येतो पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉकवर कोणाचेच पोट चालत नाही असे आम्ही म्हणणार नाही, ठेकेदाराचे चालते.

वरच्या मजल्यावर तर नियोजनाचा पूर आहे. २०४७ पर्यंतच्या विकसित महाराष्ट्राचा आराखडा आहे, एक ट्रिलियन डॉलरचे उद्दिष्ट आहे, जिल्ह्याजिल्ह्याचे आराखडे आहेत. २०४७ ची इतकी बारीक काळजी घेणाऱ्यांना येत्या दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटेल का, असले किरकोळ प्रश्न विचारू नयेत.

इनामगावच्या पाटलावर एक आक्षेप येईल, तोही नोंदवतो. त्याचे गाव टिकले नाही. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस ओसरला असावा, चौकोनी प्रशस्त घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार आणि गुरे वाढली आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास वस्ती उठली. पण त्या लोकांनी परिस्थिती बदलल्याचे ओळखून घराचा आकार बदलला, धंदा बदलला आणि शेवटी गाव सोडले. आमचे तरुणही रांजणगावच्या एमआयडीसीत आणि पुण्यात जाऊन तेच करतात, फक्त त्याची नोंद आराखड्यात होत नाही.

तेव्हा न्हावरेकरांनो, पुढच्या ग्रामसभेला बसायला जा आणि एकच विषय मांडा: कारखान्यावर जगणारी घरे किती, त्यांचे आज काय चालले आहे, आणि हंगाम नसेल तर या गावाचे उत्पन्न कुठून येणार, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसे, यांतला कमी आकडा पुरतो. तुम्ही गेला नाहीत तर सभा तहकूब होईल, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.