सॉस नव्हे, मसाला

इस्रायलमधल्या अश्दोदला माझं किराणा दुकान आहे. हिब्रूत अशा दुकानाला मकोलेत म्हणतात. दुकान लहान आहे. दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली की एकाला मागे सरावं लागतं. माझी तक्रार टोमॅटो सॉसबद्दल आहे. सॉसच्या चवीबद्दल माझं काही म्हणणं नाही. तक्रार त्याच्या कागदपत्रांबद्दल आहे.

देश एक कोटीचा. एकट्या मुंबईत याहून जास्त माणसं राहतात. एवढ्याशा बाजारासाठी परदेशातला कारखानदार कशाला हिब्रू लेबल छापत बसेल? बाटली येते तशीच येते आणि इथे तिच्या पाठीवर हिब्रू स्टिकर चिकटवतात. गिऱ्हाइकाला वाचायचा असतो तो मजकूर नेमका त्या स्टिकरखाली असतो. मग गिऱ्हाईक नख लावतं.

ऑगस्ट 2015 मध्ये आरोग्य मंत्रालयाने ठरवलं, की हाइन्झच्या बाटलीला हिब्रूत केचप म्हणायचं नाही. तेव्हाच्या इथल्या मानकाप्रमाणे केचपमध्ये टोमॅटोचा घन भाग निदान 10 टक्के हवा होता, आणि तो बाटलीत भरेना. तक्रार ओसेम या इथल्या कंपनीची होती. ओसेम स्वतः केचप विकते. ग्राहकाच्या काळजीने तिला झोप लागत नसावी. आयातदाराने तोडगा सुचवला, की मानकच 6 टक्क्यांवर आणा. पेपरात नापास झालेल्या पोराने पासिंगचे मार्क कमी करायला सांगावं, तसं. निकाल असा लागला: इंग्रजीत केचप चालेल, हिब्रूत 'टोमॅटोचा मसाला' लिहा. म्हणजे एकच बाटली पुढून केचप आणि मागून मसाला.

हे गिऱ्हाइकाला समजावण्याची जबाबदारी कोणाची, हे निकालात नव्हतं. ती माझ्यावर आली.

रेवदंड्याच्या एक मावशी दर शुक्रवारी दुपारी, दुकान बंद करायच्या घाईत, हमखास येतात. त्यांनी चष्मा वर करून स्टिकर वाचला. "अरे, मी सॉस मागितला होता. मसाला घरी आहे."

"मावशी, हा सॉसच आहे. सरकार त्याला मसाला म्हणतं."

"मग जिरं किती घातलंय?"

मी ठाण्यात वाढलो. शाळेबाहेरच्या सँडविचवाल्याकडच्या लाल बाटलीत टोमॅटो कमी आणि भोपळा जास्त, हे आम्हा सगळ्या पोरांना माहीत होतं. बाटलीवर काहीच लिहिलेलं नसायचं, त्यामुळे खोटं लिहिण्याचाही प्रश्न नव्हता. आम्ही दुसऱ्यांदा मागून घ्यायचो.

टक्क्यांचं मात्र आम्हा बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, नवल नाही. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. चौकशी संपली. इथे आल्यावर 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या पीठाने फर्मान काढलं, की बेने इस्रायलीचं लग्न बाहेरच्या ज्यूशी लावायचं असेल तर आधी त्याच्या आईकडच्या मागच्या पिढ्या तपासा. लोकांनी धरणं धरलं आणि 1964 मध्ये संसदेने ठराव करून सांगितलं, की हे पूर्ण ज्यूच आहेत. टक्के मोजण्याच्या बाबतीत सॉसचा नंबर आमच्यानंतर लागला, हे नोंदवून ठेवतो.

खुद्द टोमॅटोची कागदपत्रं तरी कुठे धड आहेत! हिब्रूत त्याला अगव्हानिया म्हणतात आणि त्या शब्दाचं मूळ वासनेत आहे. फ्रेंच आणि जर्मनांच्या 'प्रेमाच्या सफरचंदा'वरून तो कोणीतरी बेतला. आधुनिक हिब्रूचे जनक एलिएझर बेन-येहूदा यांना तो पसंत नव्हता; त्यांनी अरबीवरून 'बदुरा' काढला. लोकांनी वासनाच ठेवली.

पुढे जानेवारी 2020 पासून साखर, मीठ किंवा संपृक्त चरबी जास्त असेल तर पाकिटावर लाल गोल छापणं सक्तीचं झालं. साध्या केचपला दोन मिळतात: साखरेचा चमचेवाला आणि मिठाचा डबीवाला. बाटली आता आतल्यापेक्षा बाहेरून जास्त लाल आहे. खप तेवढाच आहे. एका आईने पोराला ते गोल दाखवले, तेव्हा पोराने दोन गोलांची बाटली चांगली समजून तीच उचलली.

कोशर शिक्क्याचा, म्हणजे ज्यू धर्मनियमांना चालतं या शिक्क्याचा, विषय मी थोडक्यात आवरतो, कारण तो आवरत नाही. एकाला सरकारी रब्बीनेटचा शिक्का पुरतो, दुसऱ्याला विशिष्ट बदत्झचाच, म्हणजे खासगी रब्बी मंडळाचाच, लागतो. पेसाखच्या सणाच्या आठवड्यात काहींना मकाही वर्ज्य असतो; तेव्हा तिसरा येतो आणि सॉसमधला पाक मक्याचा आहे का विचारतो. मक्याचा असला तर त्याला चालत नाही, त्याच्या बायकोच्या माहेरी चालतो. बाटली घ्यायची की नाही, हे ते नवरा-बायको माझ्या गल्ल्यासमोर उभे राहून ठरवतात.

जानेवारी 2025 पासून सरकारचं नवं धोरण लागू झालं, की युरोपला चालतं ते आता इस्रायललाही चालेल. आयात सोपी होणार. मी आनंदाने मावशींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे आता त्याला सॉस म्हणायचं?"

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही कधी दुसरं काही म्हणालात?"

सॉस दुसऱ्या फळीवर, डाव्या हाताला आहे. गिऱ्हाइकांना विनंती, की दुकानात उभं राहून स्टिकर नखाने खरवडू नये. हिब्रू स्टिकर गेला की ती बाटली मला विकता येत नाही. घरी न्यावी लागते, आणि आमच्याकडे सॉस कोणी खात नाही.