मामा, जरा बाजूला!

श्री. फोटोग्राफरसाहेब यांसी,
नवरीच्या मामाचा नमस्कार. वि. वि.

ओळख पटली नसेल. गेल्या १२ मेच्या लग्नात नवरीच्या मागे उभा असलेला, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत ज्याला तुम्ही अकरा वेळा ‘मामा, जरा बाजूला’ म्हणालात, तोच मी. आता धाकट्या भाचीचं काढायचं आहे. मागच्या चुका टाळाव्यात म्हणून यंदा स्थळं बघायच्या आधी तुमची तारीख घेतोय. मुलगा काय, मिळेल.

पहिली चूक मुहूर्ताची. गुरुजींनी दुपारी १२ वाजून २१ मिनिटं काढली होती. आपलं धाराशिव १८ अंश अक्षांशाच्या जरासं वर, त्यामुळे १२ मेच्या आगेमागे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली बुडाशी गडप होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. त्याची वेळही बारा-वीस, बारा-बावीसचीच. म्हणजे माणसाचा फोटो वाईट यावा म्हणून निसर्गाने वर्षात जे दोन मुहूर्त राखून ठेवलेत, त्यातला एक गुरुजींनी पंचांगातून अचूक हुडकला. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत आलेला नवरदेव अल्बममध्ये पाहिला. कपाळ लखलखतंय, डोळ्यांच्या जागी दोन विहिरी.

मांडवात तरी बरं होतं का? लाल-हिरवं कापड आमचीच हौस. वरून ऊन गाळून आलं तसा वरबाप हिरवा झाला आणि वरमाय लाल. तुम्ही आधीच म्हणाला होता, पांढरं कापड टाका. आम्हीच म्हटलं, शुभकार्यात पांढरं नको. इथं चूक आमची, लेखी कबूल करतो.

म्हणून यंदा गोरज मुहूर्त धरू. तुम्ही ज्याला गोल्डन अवर म्हणता आणि ज्याचे जादा पैसे लावता, तो आमच्या आज्या-पणज्यांना फुकट मिळत होता. गुरं घरी परतायची वेळ, खुरांची धूळ उडालेली, तिरपं ऊन त्या धुळीतून येतं आणि कुणीही देखणं दिसतं, वरबापसुद्धा. मे महिन्यात आपल्याकडे पावणेसातच्या पुढं सूर्य बुडतो, तेव्हा सहाला सगळे तयार. हे फोनवर सांगितलं तर तुम्ही विचारलंत, ‘गाई मिळतील का? पांढऱ्या?’ मिळतील. देवणी आहेत. अंगावर काळे ठिपके आहेत, ते एडिटिंगमध्ये जातील का ते कळवावे.

आता नळदुर्ग. मागच्या खेपेला तुम्ही पोरांना एप्रिलमध्ये तिथं नेलंत. पाणी महाल झकास आहे, वाद नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटातच महाल बांधला, आणि वरून नर-मादी धबधबे कोसळताना आत बसणारा कोरडा राहील अशी सोय केली. एप्रिलमध्ये ती सोय चोहीकडून होती. बाहेरचाही कोरडा, आतलाही कोरडा. धबधबा वाहतो तो पाऊस भरपूर झाला तर, आणि तेव्हा चातुर्मास. लग्न होतं तुळशीचं लग्न लागल्यावर, तेव्हा पाणी उतरणीला लागलेलं. लग्नसराई आणि धबधबा यांची पत्रिका काही जुळत नाही. उपाय एकच दिसतो, भाद्रपदात शूटिंग उरकून घ्यावं. तोवर मुलगा ठरला नसेल तर एखादा पाठमोरा उभा करावा, चेहरा नंतर बसवता येतो म्हणे.

एक गाऱ्हाणं मात्र थेट मांडतो. ‘शुभमंगल सावधान’ झालं, अंतरपाट खाली आला. तो खाली येतो तेव्हा नवरी आधी मान खाली घालते, मग एकदाच वर बघते. ते बघायला मी सकाळपासून उपाशी उभा होतो. मला दिसली तुमची पाठ, शर्टाला चिकटलेल्या अक्षता आणि कमरेला लटकलेली बॅटरी. वरून ड्रोन आला, त्याच्या वाऱ्याने अंतरपाट फडफडला आणि गुरुजींच्या डोक्यावर जाऊन बसला. तुम्ही म्हणालात, ‘परत एकदा घेऊ.’ पाट परत धरला. भाचीने परत मान खाली घातली, परत वर बघितलं. दुसऱ्या वेळी जास्त चांगलं बघितलं, हेच मला खटकलं. तेवढ्यात कुठून तरी हाक आली, ‘कॅन्डिड द्या, कॅन्डिड!’ न सांगता काढायचा फोटो तीनदा सांगून काढलेला मी तिथं पाहिला.

गोंधळाच्या रात्रीचंही तेच. दिवटीच्या उजेडात संबळ वाजवणारा गोंधळी कसा दिसतो, ते ज्यानं बघितलं त्याला कळेल. तुम्ही पांढरा लाईट लावलात आणि तो बिचारा बँकेत खातं उघडायला आल्यासारखा दिसू लागला. यंदा त्या रात्री लाईट गाडीतच ठेवा, जेवण दोन वेळा करा.

आमच्या आईच्या लग्नाचा एकच फोटो आहे. लग्नानंतर पंधरा दिवसांनी सोलापूरला एका स्टुडिओत जाऊन काढलेला. मागे पडद्यावर धबधबा रंगवलेला, आणि तो भर मे महिन्यात वाहतोय.

बाकी क्षेम. ॲडव्हान्स सोबत पाठवतोय.

आपला,
बाजूला झालेला मामा

ता. क. – आई रोज विचारते, नातीच्या लग्नात तिचा फोटो आला का. चारशे फोटोंत शोधला, सापडला नाही. ती तुमच्या लाईटच्या स्टँडमागे बसली होती. स्टँड कुठे ठेवला होता ते तुम्हाला आठवत असेलच.