दोनशे फुटांखालचं धोरण

अहवाल कुठल्या संस्थेचा, ते विचारू नका. पाण्यावरचा कुठलाही उचला, चालेल. मुखपृष्ठावर भेगाळलेली जमीन, जमिनीवर डोक्यावर हंडा घेतलेली बाई, बाईच्या मागे मावळता सूर्य. आत आधी आभार, मग रंगीत आलेख, शेवटी शिफारशी. माझा जीव शिफारशींवर. बाकीची पानं संशोधक एकमेकांसाठी लिहितात, शिफारशी मात्र सरकारसाठी असतात. म्हणजे त्या कोणी वाचणार नाही याची खात्री असते आणि माणूस तिथे मोकळेपणाने लिहितो. तर तिथे ‘महिलांचा सहभाग वाढवावा’ आणि ‘विविध खात्यांत समन्वय असावा’ या दोन अमर वाक्यांच्या मधोमध एक शिफारस हटकून भेटते : विंधन विहिरींच्या खोलीवर कायद्याने मर्यादा घालण्याचा शासनाने विचार करावा.

विचार करावा!

अहो, केलाय की. २००९ सालीच केलाय. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम त्या सालचा. शेतीसाठी किंवा कारखान्यासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला त्यात चक्क मनाई आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फुटांना तीन फूट कमी. कायदा २०१४ साली लागू झाला, नियमांचा मसुदा २०१८ साली हरकतींसाठी लोकांपुढे आला. बोअर मारणाऱ्या गाड्यांची नोंदणी झाली पाहिजे, हेही त्यातच आहे. त्याच्याही आधी, १९९३ च्या कायद्यात, गावाच्या पिण्याच्या पाण्यापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी होती. एवढं सगळं झाल्यावर हे लोक देणगीदारांच्या पैशांतून गुळगुळीत कागदावर लिहितात, की मर्यादा घालण्याचा विचार व्हावा. ज्याची दोन पोरं शाळेत जातात त्याला ‘आता लग्नाचं मनावर घ्या’ म्हणण्यातला हा प्रकार.

प्रकाशन समारंभात हे कोणाला खटकतही नाही. व्यासपीठावर संबंधित खात्याचे साहेब असतातच. कायदा ज्यांच्या कपाटात आहे तेच साहेब रिबीन सोडवतात, अहवाल छातीशी धरून फोटो काढतात आणि सांगतात, की ही सूचना फारच मोलाची आहे, शासन सकारात्मक आहे, एक अभ्यासगट नेमू. टाळ्या पडतात. अभ्यासगटाला अभ्यास लागतो. तो कोणाकडून करून घ्यायचा, याचं उत्तर तिथेच पहिल्या रांगेत, गळ्यात ओळखपत्र अडकवून बसलेलं असतं. संशोधनाने धोरणाला दिशा द्यायची असते, असं म्हणतात. इथे दिशा वर्तुळाकार आहे, एवढंच.

गंमत अशी, की हा साठ मीटरचा आकडा कोणा कारकुनाने हवेतून काढलेला नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, बेसॉल्टवर बसलाय. या खडकात पाणी राहतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात. पाऊस पडला की तो थर भरतो, उपसला की उतरतो. त्याखाली नुसता कातळ आणि कुठेतरी एखादी भेग. भेगेत पाणी लागलं तर ते मुरायला काळ जातो, त्यामुळे एकदा उपसलं की ते दरसाल पावसाने भरून येईल याचा भरवसा नाही. हे सगळं अभ्यासाने कळलेलं आहे. म्हणजे संशोधन झालं, त्यातला सार कायद्यात उतरला, विधिमंडळाने तो मंजूरही केला. पाठ्यपुस्तकात घालण्याजोगं उदाहरण! आणि मग आपण काय केलं? पुन्हा संशोधन सुरू केलं.

इकडे संशोधन चालू असताना तिकडे गाडी येते. तमिळनाडूत नामक्कल जिल्ह्यात तिरुचेंगोडे नावाचं गाव आहे. देशभर बोअर मारत फिरणाऱ्या कितीतरी गाड्या तिथल्या. टीएन पासिंगची गाडी बीडच्या किंवा लातूरच्या एखाद्या शिवारात रात्री उभी राहते आणि पहाटेपर्यंत अख्ख्या गावाची झोप उडवते. तिचा दर फुटावर. तोही टप्प्याटप्प्याने चढणारा, म्हणजे जितकं खोल जाल तितका फूट महाग. दोनशे फूट आले म्हणून गाडीवाल्याने यंत्र बंद करून ‘दादा, पुढे कायदा आहे’ म्हटल्याचं कोणी ऐकलंय? खरा धंदा तर तिथून पुढे. पाचशे, सातशे, हजार फूट. धुरळाच उडत राहतो आणि मालक म्हणतो, अजून एक पाइप टाका.

या सगळ्यात मला खरा आदर वाटतो तो पाणाड्याचा. तळहातावर नारळ ठेवून बांधावरून चालायचं, नारळ उभा राहिला की म्हणायचं ‘हितं’. शास्त्राच्या कसोटीवर हा प्रकार शून्य, मला कबूल आहे. पण त्याचा अहवाल एका शब्दाचा असतो. त्याला कार्यकारी सारांश लागत नाही. नमुना किती घरांचा, हे कोणी विचारत नाही. संशोधनाचं साहित्य जिथल्या तिथे फोडून प्रसाद म्हणून वाटलं जातं, त्यामुळे हिशेब तपासणीचीही कटकट नाही. आणि मुख्य म्हणजे त्याच्या निष्कर्षाची परीक्षा त्याच रात्री होते. पाणी लागलं तर फेटा. धुरळा निघाला तर त्या शिवारात त्याला पुन्हा कोणी बोलावत नाही, आणि बोलावलंच तर कशासाठी, ते न सांगितलेलं बरं. आता धोरण-संशोधनाला हीच पद्धत लावून पाहा. शिफारस केली, कोरडी निघाली, तर त्या संस्थेला काय मिळतं? दुसरा टप्पा! पहिल्यापेक्षा मोठा, पाच वर्षांचा, ‘शिफारशींच्या अंमलबजावणीतील अडथळ्यांचे आकलन’ या नावाचा. माझं म्हणणं, प्रत्येक संस्थेत एक पाणाड्या वरिष्ठ सल्लागार म्हणून घ्यावा. मसुद्यावरून तो नारळ फिरवील आणि ज्या शिफारशीवर नारळ उभा राहील तेवढीच छापावी. अहवाल अर्ध्या पानात आटोपेल. नाहीतर सरळ अहवालाच्या सगळ्या लेखकांना एक रात्र त्या गाडीपाशी उभं करावं. हातात मोजपट्टी द्यावी आणि सांगावं, साठ मीटरला गाडी थांबवा. थांबवताना कोणाचा फोन येतो, तो कोणाच्या शेतातून येतो आणि फोन आल्यावर कोण कसा गप्प होतो, एवढं नोंदवून घ्या. त्याहून चांगलं क्षेत्रीय संशोधन या राज्यात झालं नसेल. पण छापणार कोण?

इथेच माझं डोकं फिरतं. कायदा आहे हे संशोधकांना ठाऊक नसतं, असं मी मानत नाही. ठाऊक असतं. पण ‘कायदा करावा’ म्हटलं की कोणीच दुखावत नाही, आणि ‘कायदा आहे, तो कोणी पाळायला लावला नाही?’ असं विचारलं की उत्तरात माणसं निघतात. माणसं निघाली की परवानग्या अडतात, पुढच्या समारंभाला साहेब येत नाहीत. म्हणून आलेखात पाण्याची पातळी आपली आपणच खाली जाते. कर्ता नाही, नुसतं क्रियापद. आणि मग ती दुसरी शिफारस, जिचा मला सगळ्यात जास्त राग आहे : शेतकऱ्यांमध्ये जनजागृती करावी. कोणाला जागं करताय? ज्याने बायकोचं गंठण मोडून तिसरं बोअर घेतलंय आणि तेही कोरडं गेलंय, तो रात्रभर जागाच आहे. पाणी खाली गेलंय हे त्याला तुमच्या उपग्रहाच्या आधी कळलं. शेजाऱ्याने सहाशे फूट मारलं म्हणून आपली विहीर आटली हे त्याला कळतं, म्हणूनच तो सातशे मारतो. जमीन ज्याची, खालचं पाणीही त्याचंच, हा हक्क १८८२ च्या इंग्रजी अमदानीतल्या सुविधाधिकार कायद्याने पक्का केला. तो कायदा बघा, कार्यशाळा नाही, भित्तिपत्रक नाही, तरी बिनचूक चालू आहे. झोपलेत ते दुसरे. त्यांच्यासाठी जनजागृतीचा कार्यक्रम कुठल्याही अहवालात नसतो. उसाचं तर बोलायलाच नको. २०१७ साली उसाला ठिबक सक्तीचं करायचा निर्णय झाला. तेव्हापासून ‘उसाला ठिबक सक्तीचं करावं’ ही शिफारस वाचताना मी पान उलटतो.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. त्यानंतर लातुरात पाण्यापेक्षा जास्त काही आलं असेल तर ते अभ्यासक. गावोगाव प्रश्नावल्या फिरल्या. रोज माणशी किती लिटर वापरता, म्हणून बायांना विचारलं. बायांनी हंडे सांगितले. पोरांनी टॅबवर गुणाकार केले. त्यातली काही पोरं खरंच चांगली असतात, हेही सांगायला हवं. उन्हातान्हात दोर टाकून गावातल्या प्रत्येक विहिरीची पातळी मोजतात, बोअर किती फुटांवर गेलं ते मालकाकडून काढून घेतात. त्यांनी आणलेला तक्ता अहवालाच्या शेवटी, परिशिष्टात, मुंगीएवढ्या अक्षरांत जातो. त्या तक्त्यात दोनशे फुटांच्या वरचा प्रत्येक आकडा हा एकेक प्रश्न आहे. पण प्रकाशनाच्या दिवशी परिशिष्ट कोणी उघडत नाही, तोवर जेवणाची वेळ झालेली असते.

तेव्हा संस्थांना माझी विनंती, की पुढचा अहवाल एका पानाचा काढा. तालुक्याचं नाव, कायदा लागू झाल्यावर साठ मीटरच्या खाली गेलेली बोअरं, नोंदणी झालेल्या गाड्या, दाखल झालेले गुन्हे. चार रकाने. मुखपृष्ठ नको, बाई नको, सूर्य नको. तुमच्याच्याने होणार नसेल तर वाचकांनी करावं. साध्या कागदावर हे चार प्रश्न लिहा आणि तहसील कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला, तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.