जरा हे धरता का?

देवघरापुढचा चौरंग डगमगत होता, एवढंच निमित्त. चारांतला एक पाय केव्हाच आखूड झाला होता आणि काकूंनी त्याच्याखाली जुन्या कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान चार घड्या घालून सरकवलं होतं. नाना बँकेतून निवृत्त झाले त्याच आठवड्यात काकू म्हणाल्या, "अहो, आता वेळ आहे तर तेवढा चौरंग बघा." नानांनी चौरंग उलटा केला, पाय हलवून पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल दिला, "दहा मिनिटांचं काम आहे. पण त्याला आधी बेंच पाहिजे."

याला आता चौदा महिने झाले.

निवृत्त माणसांचे आमच्या पुण्यात ठरलेले पंथ आहेत. कोणी पहाटे टेकडी गाठतो, कोणी कुलवृत्तांत लिहायला घेतो, कोणी चाळीस वर्षांपूर्वी सोडलेली पेटी माळ्यावरून काढतो. हौशी सुताराचा पंथ त्या मानाने नवा. त्याची दीक्षा बहुधा अमेरिकेत मिळते. नाना साठलेली रजा घेऊन मुलाकडे न्यू जर्सीला दोन महिने राहून आले. नायगारा एका दिवसात बघून झाला. उरलेले दिवस त्यांनी शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये काढले. तिथे भिंतीवर करवती ओळीने टांगलेल्या, मधोमध एक धिप्पाड बेंच, त्याला खालून खण, आणि प्रत्येक खणात पटाश्या मखमलीवर झोपवलेल्या. हे सगळं नानांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की त्या म्हाताऱ्याच्या तिसऱ्या खणात काय आहे ते मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक असेल. नायगाऱ्याबद्दल विचारलं तर म्हणतात, "हो, पाणी चांगलं होतं."

फरक एवढाच, की त्या म्हाताऱ्याला दोन मोटारींचं गॅरेज होतं आणि नानांना दहा बाय पाचची गॅलरी. त्यात वॉशिंग मशीन, तुळस आणि काकूंच्या दोऱ्या. मशीन बाथरूममध्ये गेलं, दोऱ्या बेडरूमच्या खिडकीत गेल्या. तुळस राहिली. तिला हलवायची नानांचीही छाती झाली नाही.

नानांनी आधी तीन महिने वाचन केलं. मग एके दिवशी काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "हे रूबो कोण हो? रोज जेवताना त्यांचं चालू असतं, रूबो असं म्हणतात, रूबो तसं म्हणतात. बँकेत तर असं कोणी नव्हतं." मी चौकशी केली. आंद्रे रूबो हा अठराव्या शतकातला फ्रेंच सुतार. त्याने 1769 पासून सुतारकामावर ग्रंथ छापायला घेतले, आणि त्यात दाखवलेला जाडजूड बेंच आजही जगभरचे हौशी लोक त्याच्या नावाने बनवतात. "म्हणजे वारले का?" काकूंनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैलावला.

लाकूड आणायला आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेलो. आम्ही म्हणजे नाना आणि टेपचं दुसरं टोक. हौशी सुताराला हत्यारांच्या आधी एक शेजारी लागतो आणि नानांनी तो मोफत मिळवला होता. जाताना लाकडी पूल लागला. नाना म्हणाले, "बघा, नाव लाकडी, सगळा दगड. या गावाने लाकूड सोडलंय." मी मान डोलावली. रिक्षात दुसरं काय करणार?

दुकानदाराने विचारलं, "काय बनवायचंय?"

"बेंच."

"शाळेला?"

"नाही हो. ज्याच्यावर लाकूडकाम करतात तो."

"म्हणजे टेबल बनवायचं टेबल." दुकानदार क्षणभर विचारात पडला. "मग हे टेबल कशावर बनवणार?"

हा प्रश्न रूबोलाही पडला असणार. पण नाना बँकेतले. अशा प्रश्नांवर ते दुसरा प्रश्न टाकतात. "बलारशा आहे का?" दुकानदाराचा सूरच बदलला. चंद्रपूरकडच्या सागाचं नाव घेणारं गिऱ्हाईक प्लायवुडवर टळत नाही हे त्याने ओळखलं. मग फळ्या उलट्यासुलट्या झाल्या, गाठी बघितल्या गेल्या, नानांनी एका फळीला नाक लावून वास घेतला. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन इंच जाड, म्हणजे नुसत्या वरच्या पाटालाच तीन घनफूट लाकूड. सागाचं घनफूट अठरा-एकोणीस किलो भरतं. पंचावन्न किलोंचा पाट आम्ही कसा वर चढवला ते सोसायटीच्या लिफ्टला विचारा. ती तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावर कण्हते.

टेबल कशावर बनवणार याचं उत्तर मात्र घरातच निघालं: डायनिंग टेबलावर. पहिल्याच दिवशी करवत लाकूड ओलांडून खाली उतरली आणि टेबलाच्या कडेला बोटभर खाच पडली. काकूंनी त्या जागेवर स्टीलचं भांडं ठेवायला सुरुवात केली. अजूनही पाहुण्यांसमोर ते भांडं कोणी उचलत नाही.

फळ्या एकमेकींना जोडायच्या, रंधायच्या, पायांना कुसू काढायचं आणि पाटात त्याच्या मापाची भोकं मारायची. या प्रत्येक कामात लाकूड हलता कामा नये. लाकूड हलू नये म्हणून बेंचला शेगडा असतो. बेंच अजून नव्हता, त्यामुळे शेगडाही नव्हता. दर शनिवारी सकाळी दारावर टकटक व्हायची. "जरा हे धरता का?" शेगडा बसेपर्यंत शेगडा मीच होतो.

धरणं वाटतं तेवढं सोपं नाही. नाना रंधा ढकलणार आणि मी फळीच्या दुसऱ्या टोकाला छातीने रेटा द्यायचा. पण एक सांगितलंच पाहिजे. जानेवारीतल्या एका सकाळी रंध्याचं पातं अगदी बरोबर लागलं. तोपर्यंत नुसता भुस्सा आणि तुकडे निघत होते. त्या दिवशी रंध्याच्या तोंडातून पाटाच्या लांबीचं एक अखंड सालपट वर आलं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. ते गोल गोल होत नानांच्या मनगटावर पडलं. गॅलरीत सागाचा तो कातड्यासारखा, तेलकट वास पसरला. नानांनी सालपट उजेडासमोर धरलं. पलीकडची तुळस त्यातून दिसत होती. चौतीस वर्षं या माणसाने दुसऱ्यांच्या नोटा उजेडासमोर धरल्या होत्या. काही न बोलता त्यांनी ते सालपट पासबुकाच्या प्लास्टिक कव्हरात घालून ठेवलं.

त्यानंतर दहा दिवस दुसरं तसं निघालं नाही.

हत्यारांचं सांगायचं राहिलंच. ती रविवारच्या जुन्या बाजारातून येत. गंजका स्टॅनलीचा रंधा नानांना लांबून दिसे. "नंबर चार!" ते गर्दीत ओरडत, जसं लग्नात कोणाला सख्खा मामेभाऊ दिसावा. नंबर चार गुळगुळीत करायला, नंबर पाच माल काढायला. मग दोन नंबर चार का, हे विचारायचं नसतं. खंडेनवमीला काकूंनी हत्यारांची पूजा मांडली तेव्हा सात रंधे, अकरा पटाश्या, चार करवती आणि एक मोगरी अशी रांग देवघरापासून टीव्हीपर्यंत आली. प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल. समोर नैवेद्य चौरंगावर. चौरंग डगमगत होता.

हत्यारं वाढली म्हणून खण हवेत, आणि खण बनवायचे तर आणखी हत्यारं हवीत, असं हे चक्र आहे. जाणकारांत बेंचखाली खण असावेत की नाही यावर मोठा वाद आहे. नको म्हणणारे म्हणतात, खालची जागा मोकळी हवी, क्लॅम्प कुठे अडकवणार? शिवाय पाटाला पाऊण इंची भोकं असतात. फळी सरकू नये म्हणून त्यांत अडसराच्या खुंट्या बसवतात. गोरे लोक त्या खुंट्यांना डॉग म्हणतात. नानांनी अशी बारा भोकं पाडली. काकू फोनवर बहिणीला सांगत होत्या, "आता टेबलाला कुत्र्यासाठी भोकं पाडलीत. कुत्रा कधी आणतायत कोण जाणे." त्या भोकांतून सगळा भुस्सा सरळ वरच्या खणात पडतो, हे नानांना खण बसल्यावर कळलं. नानांनी तो खण 'भुस्सा' असा लेबल लावून अधिकृत केला. बँकेत घोळ झाला की त्याचं वेगळं खातं उघडतात, त्यातलाच हा प्रकार.

खणांना नानांनी बॉलबेअरिंगचे चॅनेल आणले. असा चॅनेल प्रत्येक बाजूला अर्धा इंच जागा खातो. म्हणजे अठरा इंचांच्या कप्प्यात सतरा इंचांचा खण. नानांनी केला साडेसतरा. एकाच बाजूचा अर्धा इंच धरला! आयुष्यभर डबल एंट्री केलेल्या माणसाने! पाच खण तयार झाले होते, सगळे डव्हटेलच्या सांध्याचे, कबुतराच्या शेपटांच्या नक्षीने एकमेकांत अडकलेले, आणि पाचातला एकही आत जाईना. त्या संध्याकाळी नाना गॅलरीत दिवा न लावता बसले होते. मी काही बोललो नाही. काकूंनीच मार्ग काढला. दोन खण स्वयंपाकघरात गेले. आता नानांच्या घरचे कांदे-बटाटे बलारशा सागात राहतात. मुलीची ओटी भरताना काकू आता मुद्दाम विचारतात, "कापडाचा खण देऊ की लाकडाचा?"

उंचीचं प्रकरण मी थोडक्यात उरकतो. ताठ उभं राहून हात सरळ सोडायचे, मनगट जिथे येईल तेवढी बेंचची उंची. नानांची तेहतीस इंच आली. मग चपला घालून मोजायचं की काढून, यावर दोन दिवस गेले.

सुतार मापं सुतात घेतो. एका इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. नाना सुताला नाकं मुरडत, त्यांचं सगळं मिलीमीटरमध्ये, तेही अर्ध्यासकट. सुतावरून स्वर्ग गाठणारे मी पाहिलेत. नाना मिलीमीटरवरून निघाले होते, त्यामुळे रस्ता जरा लांबचा पडला. एप्रिलमध्ये नवे खण बसले. खणाचं तोंड आणि चौकट यांत पोस्टकार्ड जाईल एवढीच फट. नाना येणाऱ्या प्रत्येकाला पोस्टकार्ड घालून दाखवत. पोस्टकार्डं आता सहज मिळत नाहीत म्हणून एक जपून ठेवलं होतं.

मग पाऊस आला. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला मात्र पाणी पितं. साग इतरांपेक्षा कमी पितो, पण पितोच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाचही खणांची तोंडं फुगली आणि नानांची सगळी हत्यारं आत कोंडली गेली. खण उघडायला जी पटाशी हवी ती दुसऱ्या खणात होती.

त्याच आठवड्यात माझ्याकडचं बाथरूमचं दारही फुगलं, म्हणून मिस्त्रीला बोलावलं. काकूंनी संधी साधली. चौरंग घेऊन त्या थेट जिन्यात आल्या. मिस्त्री फरशीवरच बसला. चौरंग उलटा करून त्याने दोन्ही तळव्यांत घट्ट धरला, पायाच्या अंगठ्याने आखूड पाय दाबून धरला, ढिल्या सांध्यात पाचर ठोकली, फेव्हिकॉलचा थेंब सोडला. मग उरलेले तीन पाय रंध्याने एकेक सूत उतरवले. "एक वाढवण्यापेक्षा तीन कमी केलेले बरे," तो म्हणाला. नाना दारात उभे होते. मी घड्याळात पाहिलं. बारा मिनिटं.

नानांची नजर चौरंगावर नव्हती, मिस्त्रीच्या अंगठ्यावर होती. "शेगडाच की हो हा," ते पुटपुटले.

मग त्यांनी मिस्त्रीला आग्रहाने गॅलरीत नेलं. मिस्त्रीने बेंचभोवती एक फेरी मारली, पाटावर बोटांनी ठोकून आवाज ऐकला, सांध्यावरून नख फिरवलं. डव्हटेलपाशी वाकून बराच वेळ बघितलं. "हातानं केलंत?" नाना हो म्हणाले. "माल चांगलाय साहेब. हातही." नानांच्या छातीत हवा भरली. मिस्त्री पुढे म्हणाला, "एवढ्यात डबलबेड झाला असता."

जाता जाता त्याने बेंचच्या कोपऱ्यावर हात टेकला आणि बेंच हलला. अगदी किंचित. गॅलरीच्या फरशीला पाणी जायला मोरीकडे ढाळ असतो. नानांनी चौदा महिन्यांत सगळं मोजलं होतं, फरशी सोडून. मिस्त्री हसला नाही, हे त्याचं मोठेपण. "तीन पाय उतरवून देऊ?" त्याने विचारलं. नाना नको म्हणाले. बेंच उलटा करायला चार माणसं लागली असती.

रात्री नऊला दारावर टकटक झाली.

"जरा हे धरता का? फक्त एक कोपरा उचलायचाय."

मी कोपरा उचलला. नाना बनियनवर फरशीवर पालथे पडले होते, तुळशीच्या कुंडीत डोकं जाईल इतके आत. त्यांच्या हातात ते फेब्रुवारीचं पान होतं, चौरंगाखालून मोकळं झालेलं. आतून काकूंचा आवाज आला, "ते पान फाडू नका हं, मागे दुधाचा हिशोब आहे."

"सोडू का?" मी विचारलं. माझी पाठ बोलायला लागली होती.

"धरून ठेवा," खालून नाना म्हणाले. "अजून एक घडी लागेल."