नव्या ग्रहाचं पंचांग: करायची रीत

कादंबरीसाठी ग्रह रचायला बसलेला लेखक आधी डोंगर काढतो, मग समुद्र, मग राक्षस. ते सगळं नंतर केलं तरी चालतं. आधी वर्ष मोजा. आणि कृपा करून ते बरोब्बर ४०० दिवसांचं ठेवू नका. ग्रह बनावट आहे हे लगेच कळतं. स्वतःभोवती फिरणं आणि सूर्याभोवती फिरणं ही दोन वेगळी खाती आहेत, त्यांचा ताळेबंद जुळत नसतो. पृथ्वीचं वर्षही ३६५.२४२२ दिवसांचंच भरतं.

समजा, तुमचं वर्ष ४१२.३७ दिवसांचं. उरलेली चिल्लर फेकू नका. दर आठ वर्षांत तीन लीप दिवस द्या. तरी दोनशे वर्षांत एक दिवस जास्त होतो, म्हणून दर दोनशे वर्षांनी एक लीप दिवस गाळा. हे गाळायचं कलम लिहून ठेवा. ज्युलियन कॅलेंडरात ते नव्हतं, म्हणून १५८२ साली पोप ग्रेगरींना ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडवावा लागला. स्वीडनने हीच दुरुस्ती हप्त्याहप्त्याने करायला घेतली, मधले हप्ते चुकवले, आणि शेवटी जुन्या हिशेबावर परतताना १७१२ साली त्यांचा फेब्रुवारी ३० दिवसांचा झाला.

आता चंद्र. एकच ठेवावा. दोन ठेवलेत तर अधिक मासही दोन प्रकारचे, आणि जावई दोन्हींचं धोंड्याचं वाण मागणार. अनारसे कोण तळणार?

त्यातून मंगळाच्या फोबॉससारखा चंद्र तर नकोच नको. तो ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी मारतो, म्हणजे दिवसाला तीन महिने आणि तीन संकष्ट्या. शिवाय मंगळ फिरतो त्याहून तो जोरात पळत असल्यामुळे उगवतो पश्चिमेला, आणि एकदा उगवला की पुन्हा उगवायला अकरा तास लावतो. म्हणजे संकष्ट्या तीन, चंद्रोदय दोनच. रोज एक उपास थकबाकीत, आणि ग्रहावर साबुदाणा मिळतो की नाही हे तुम्ही अजून ठरवलेलंही नाही.

लीप दिवस कुठल्या महिन्यात घालायचा, यावर ग्रहवासी भांडतील, भांडू द्या. त्या दिवसाचा पगार मिळणार की नाही, एवढं मात्र पहिल्याच प्रकरणात लिहून टाका. आमच्याकडे महिन्यावारी पगार घेणारा माणूस २९ फेब्रुवारीला फुकट राबतो.